होडी ‘नांगरतात’ म्हणजे पाण्यात नक्की काय नांगरतात?

वादळाच्या बातमीत ‘शेकडो नौका बंदरात नांगरल्या’ असं वाचून तुम्हाला प्रश्न पडलाय, की शेत नांगरतात तसं समुद्रात काय नांगरलं?

काहीच नाही. होडी नांगरणे म्हणजे नांगर टाकून ती जागच्या जागी धरून ठेवणे. शेतात बैल थांबले की नांगरणी थांबली. इथे होडी हलली की नांगरणं फसलं. हर्णैला मी गेलो तेव्हा होड्या बाहेर पाण्यात नांगरलेल्या आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट लाटांत शिरलेल्या. नांगर आणि बैल समोरासमोर, पण एकमेकांशी काही संबंध नाही!

संबंध नाही, कारण मुळात शब्द दोन आहेत. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला. ऋग्वेदात ‘शुनं कृषतु लाङ्गलम्’ आहे, बलरामाचं एक नाव लाङ्गली. जहाजाचा नांगर म्हणजे फारसी ‘लंगर’; हिंदीत तो अजून लंगरच आहे. (गुरुद्वारातला लंगरही फारसीच. त्या भाषेत अन्नछत्रालाही लंगर म्हणत.) आपल्याकडे सुरुवातीच्या ‘ल’चा ‘न’ व्हायची जुनी खोड आहे. ललाटाचं निढळ झालं ते असंच, आणि नवनीताचं लोणी झालं ते बरोबर उलट. लाङ्गलाचा नांगर आधीच झाला होता, मागाहून आलेला लंगरही त्याच साच्यात बसला.

नुसत्या उच्चारामुळे बसला असं मला वाटत नाही. दोघांचंही टोक जमिनीत रुतायला हवं. पाण्याच्या खोलीच्या ५ ते ७ पट दोर सोडला, की ओढ आडवी बसते आणि नांगर तळाच्या चिखलात घट्ट धरतो. दोर आखूड पडला तर तो उचकटतो आणि तळ खरवडत होडीमागे फरफटतो. म्हणजे खरी नांगरणी होते ती तेव्हा! १९३३ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञांनी तर चक्क फाळाच्या आकाराचा नांगर काढला.

बोलण्यात दोन्ही नांगर आहेत. पाहुणा आठवडाभर ‘नांगर टाकून बसला’ तर तो जहाजाचा. ‘गाढवाचा नांगर फिरवला’ तो मात्र शेतातला.