लालाग्रंथी, रोहिणी आणि अभिधमनी

खानापूरकडच्या, बेळगावात नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय: लालाग्रंथींना भरपूर रक्त मिळतं म्हणून त्यांना ‘लाला’ म्हणतात का? आणि कन्नड पुस्तकात शिरेला ‘अभिधमनी’ लिहिलंय, मग आपली धमनी कुठली?

पहिल्याचं उत्तर, नाही. रंगाचा ‘लाल’ फारसीतून आला, तिकडे लअल म्हणजे माणिक. ‘लाला’ संस्कृत, अर्थ थुंकीच. फलचं फळ, बालचं बाळ, तशी लालाची लाळ. कन्नडला ळ काही परका नाही, तरी त्यांच्या पुस्तकात ‘लालारस’, घरात ‘जोल्लु’. आपलंही तेच की! बाळाच्या गळ्यात लाळेरं, वर्गात लालाग्रंथी. मला विचाराल तर ‘लाळग्रंथी’ बरा.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. कन्नडमध्ये दोन्ही धमन्याच: अपधमनी आणि अभिधमनी. उपसर्ग धरून ठेवा. अप म्हणजे दूर, हृदयापासून रक्त नेणारी. अभि म्हणजे कडे, हृदयाकडे आणणारी. मराठीतली धमनी म्हणजे त्यांची अपधमनी. तिलाच आपण रोहिणी म्हणतो, आणि परतीच्या शिरेला नीला. रोहिणी म्हणजे तांबूस, नीला म्हणजे निळी. सुश्रुतसंहितेत रक्त वाहणाऱ्या सिरा रोहिणी आहेत, पण नीला मात्र पित्त वाहणाऱ्या! नाव जुनं, काम नवं.

आता दात घट्ट आवळा. गालात चावण्याचा स्नायू फुगेल. त्याच्या पुढच्या कडेला, खालच्या जबड्याच्या हाडावर बोट ठेवा. ठोका लागतो ती चेहऱ्याची रोहिणी. जबड्याखालच्या लाळग्रंथीला रक्त देऊन ती नुकतीच वर आलेली असते. कानापुढे लागणारा ठोकाही असाच, कानाजवळच्या ग्रंथीतून बाहेर पडलेल्या रोहिणीचा. गालगुंड होतं ते याच ग्रंथीला.

रंगाचं म्हणाल, तर क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1858 साली जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ सोडवणारा मज्जातंतू चेतवून पाहिला. रक्तवाहिन्या रुंदावल्या, रक्त इतकं जोरात धावलं की त्यातला ऑक्सिजन पुरता काढून घ्यायलाही सवड मिळाली नाही, आणि शिरेतून काळपट रक्ताऐवजी लालभडक रक्त आलं. म्हणजे चिंच बघून तोंडाला पाणी सुटतं, तेव्हा लालाग्रंथीची नीलासुद्धा लाल होते. तुमचा अंदाज व्युत्पत्तीत चुकला, शरीरात अगदीच चुकला नाही.