द्राक्षबागेतल्या सेन्सरसाठी कंडक्टिंग पॉलिमरचा (म्हणजे वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा) वाकणारा अँटेना जमेल का?

जमेल, पण घोडं जाडीपाशी अडतं.

तुमचा सेन्सर तासगावकडच्या बागेत ८६५-८६७ मेगाहर्ट्झवर बोलणार आहे, म्हणजे पाव तरंगलांबी साधारण ८.६ सेंमी. अँटेनाची पट्टी तेवढ्याच लांबीची, ती सहज छापता येते. पेडॉट-पीएसएस हे त्यातल्या त्यात सहज मिळणारं पॉलिमर. पाण्यात मिसळलेली गडद निळी शाई. तिच्यात थोडं डीएमएसओ हे द्रावक घातलं की विद्युतवाहकता कितीतरी पटींनी वाढते. तरीही तांब्याच्या मानाने ती काही शे पटींनी कमीच राहते. या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तांब्याच्या वरच्या २ मायक्रॉनमध्येच वाहतो. या पॉलिमरला मात्र ५० मायक्रॉनच्या आसपास जाडी लागते. छपाईच्या एका हातात तेवढा थर बसत नाही. पातळ राहिला तर अर्धीअधिक शक्ती उष्णतेत जाते आणि रेंज घटते.

लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जा, सांगलीत असे भरपूर आहेत. ओएचपी शीटवर (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट) शाईचा हात मारायचा, वाळवायचा, पुन्हा मारायचा. प्रत्येक थरानंतर मल्टिमीटरने रोध मोजा, तो उतरताना बघायला फार छान वाटतं!

बागेत खरा शत्रू दव आणि फवारणी. हे पॉलिमर ओलावा शोषतं आणि रोध बदलतो, म्हणून वरून लॅमिनेशन हवंच. आणि जोडाला सोल्डर लावू नका, फिल्म जळेल. चांदीची कंडक्टिव्ह पेस्ट वापरा.