महागडं ऑइल घालू का?

प्रश्न : माझा बीएस-6 ट्रक मिरकरवाडा बंदरातून मासळी नेतो. इंजिनात कार्बन साचतो. महागडं ऑइल घालू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, घाला, पण डब्यावर सीके-4 (कमी राखेच्या डिझेल ऑइलचा दर्जा) आहे का बघा आणि गाडीच्या पुस्तिकेशी पडताळा. जळल्यावर जास्त राख सोडणारं ऑइल डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबवतं. काजळी तिथे जळते, राख जळत नाही. चांगल्या ऑइलमधली डिटर्जंट आणि डिस्पर्संट ही रसायनं काजळीला पिस्टनवर बसू देत नाहीत, ऑइलमध्येच तरंगत ठेवतात. म्हणून ते काळं पडलं तर घाबरू नका. डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह मात्र ऑइलने साफ होत नाहीत, ते वेगळे साफ करावे लागतात. वीस वर्षांच्या गॅरेजात मी बघत आलोय, बंदरावर बर्फ भरेपर्यंत तासभर इंजिन चालू ठेवणाऱ्यांच्याच गाड्या जास्त काजळतात. आधी ते बंद करा, दादा.