घरच्या स्पीकरला खरोखर किती वॅट लागतात?

प्रश्न : आमच्या १२ बाय १५ फुटांच्या दिवाणखान्यात दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, इम्पीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) ८ ओहम आणि योग्य अ‍ॅम्प्लिफायर २५ ते १२० वॅट असे छापलेले आहे. आमचा अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक चॅनलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला, ४० वॅट देतो. दुकानदार १०० वॅटांचा घ्या म्हणतो. आम्ही मुख्यतः ख्याल आणि तबलावादन ऐकतो. अ‍ॅम्प्लिफायर बदलावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : बदलू नये. सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल याचा अर्थ असा की, एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकरचा आवाज तेवढा भरतो. आपण सुमारे तीन मीटरवर बसत असाल, तर अंतरामुळे साडेनऊ डेसिबल कमी होतात आणि दोन स्पीकर मिळून तीन परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी एका वॅटमध्ये आपल्या कानापाशी ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. भिंतींवरून परतणारा ध्वनी त्यात आणखी थोडी भर घालतो, पण तो हिशेबाबाहेरच ठेवू. घरात मन लावून ऐकताना सरासरी ७५ डेसिबल हा भरपूर आवाज झाला आणि त्यासाठी पाव वॅटच्या थोडी वर एवढीच शक्ती पुरते.

मग ४० वॅट कशासाठी? तर तबल्याच्या थापेसाठी. चांगल्या ध्वनिमुद्रणात क्षणिक आघात सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतात आणि दर १० डेसिबलना दहापट शक्ती लागत असल्याने त्या एका क्षणापुरती शंभरपट, म्हणजे साधारण २८ वॅटांची मागणी होते. ती आपला अ‍ॅम्प्लिफायर पुरवतो. ४० ऐवजी १०० वॅट घेतल्याने कमाल आवाज अवघे चार डेसिबल वाढेल. तो दुप्पट भासण्यासाठी ४०० वॅट लागतील. त्याऐवजी ९० डेसिबलचे स्पीकर घेतले, तर तोच आवाज निम्म्या शक्तीत मिळतो, म्हणून खरेदीच्या वेळी वॅटच्या आकड्याआधी सेन्सिटिव्हिटी पाहावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र स्पीकर ४ ओहमचे असून सेन्सिटिव्हिटीचा आकडा एका वॅटऐवजी २.८३ व्होल्टला दिलेला असेल, तर त्यातून तीन डेसिबल वजा करावेत, कारण तेवढ्या व्होल्टला ते एक नव्हे, दोन वॅट घेतात.

अ‍ॅम्प्लिफायरचे वॅटही तपासून घ्यावेत. पीएमपीओचा, म्हणजे क्षणिक कमाल शक्ती म्हणून छापलेला, आकडा सरळ दुर्लक्षावा, कारण तो मोजण्याची कोणतीही प्रमाणित पद्धत नाही. दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्‌झ या पूर्ण पट्ट्यात आणि अल्प विकृतीसह (मूळ ध्वनीत होणाऱ्या बिघाडासह) दिलेले सलग वॅट विश्वासार्ह समजावेत. एकाच चॅनलवर, १० टक्के विकृती चालवून घेऊन मिळवलेले १०० वॅट प्रत्यक्षात बरेच कमी भरतात.

प्रश्न : कमी वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरने ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) जळतो, हे खरे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : निव्वळ कमी शक्तीने काहीही जळत नाही. धोका तेव्हा निर्माण होतो, जेव्हा अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेपलीकडे आवाज वाढवला जातो. तेव्हा लहरींचे माथे कापले जातात, सरासरी शक्ती वाढते आणि तिचा मोठा वाटा वरच्या स्वरपट्ट्यातून नाजूक ट्वीटरकडे जातो. समारंभांत तासन्‌तास मोठ्याने गाणी लावताना हे घडते. आवाज फाटू लागताच व्हॉल्यूम खाली आणावा; तेवढी काळजी घेतली, तर १२० वॅट पेलणारे स्पीकर ४० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर निर्धास्त वापरता येतात.