बूम समोर आला की

पुण्याच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं की चॅनेलवाले बूम, म्हणजे त्यांचा माइक, घेऊन येणारच. तू स्वयंसेवक म्हणून मदतीला असशील आणि हातात जेवणाची पाकिटं असतील, तर आधी ती वाटून टाक. पत्रकाराचं नाव, चॅनेल, नंबर आणि बातमी कधी लागणार, एवढं लिहून टीमच्या प्रवक्त्याकडे पाठव. बोलावंच लागलं तर स्वतः केलेलं तेवढंच सांग: 'सकाळपासून दोनशे पाकिटं दिली.' 'खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं?' हा हमखास प्रश्न. त्याचं उत्तर जलसंपदा विभाग देईल. दगावलेल्यांचा आकडा तर अंदाजानेही नको, तोच संध्याकाळी टीव्हीवर बातम्यांच्या पट्टीत फिरतो आणि नातेवाईक हवालदिल होतात. कॉलर माइक काढेपर्यंत तो चालूच समजायचा. मुलाखत संपल्यावरची कुजबुजच जास्त नडते! निवाऱ्याच्या शाळेत विचारल्याशिवाय कॅमेरा नको, मुलांचे चेहरे तर नाहीच.