नव्या साइटला दिवसाला किती बॅकलिंक चालतात?

साइट दीड महिन्याची आहे, दिवसाला पाच बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) केल्या तर गूगलला संशय येईल का, असं तुम्ही विचारलंय. सुरक्षित आकडा असा काही नसतो. दिवसाला एक लिंकसुद्धा विकत घेतलेली असेल तर वाईटच, आणि एखादं पान गाजून एका रात्रीत दोनशे लिंक आल्या तरी बिघडत नाही.

वेगाची ही धास्ती जुनी आहे. २००५ मध्ये गूगलचा एक पेटंट अर्ज प्रसिद्ध झाला. एखाद्या पानाच्या लिंक अचानक उसळल्या तर ती स्पॅमची खूण असू शकते, असं त्यात होतं. पण विषय चर्चेत असला तरी तसंच घडतं, हेही तिथेच लिहिलंय. लोकांनी पहिलं वाक्य तेवढं उचललं आणि ‘महिन्याला अमुक लिंक’ अशी पॅकेजं निघाली.

तसलं एक पॅकेज मीही घेतलं होतं. सायकल दुरुस्तीची साइट, वय तीन आठवडे. विकणाऱ्याने तीनशे लिंक ‘हळूहळू, नैसर्गिक वाटतील अशा’ लावून दिल्या. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या टूलमधला लिंक्सचा रिपोर्ट उघडला तर जवळपास सगळीकडे एकच अँकर टेक्स्ट (ज्या शब्दांवर लिंक लावतात ते), आणि लिंक देणाऱ्या साइटवर माझ्या शेजारी जुगार आणि वजन घटवायच्या गोळ्या. यात नैसर्गिक काय होतं, देव जाणे. दंड झाला नाही, रँकिंगही हललं नाही. पेंग्विन या गूगलच्या २०१२ च्या, स्पॅम लिंक पकडणाऱ्या अपडेटने अशा साइट खाली ढकलल्या जायच्या. २०१६ पासून गूगल बहुतेक वेळा त्या लिंक नुसत्या मोजायच्या सोडून देतं. म्हणजे पैसे पाण्यात. मात्र प्रकार फार उघड असेल तर माणसाने तपासून केलेली मॅन्युअल अ‍ॅक्शन येऊ शकते, आणि ती निस्तरणं डोकेदुखी असते.

पुढे त्याच साइटवर मी टायरच्या मापांचा एक तक्ता टाकला. ७००सी आणि २९ इंची, दोन्ही टायर ६२२ मिलिमीटरच्याच रिमवर बसतात, २७.५ इंचीला ५८४ आणि डोंगरी सायकलच्या २६ इंचीला ५५९. नवीन टायर घेताना माणूस नेमका इथे अडतो. चार महिने त्या पानाकडे कुणी फिरकलं नाही. मग एका चर्चेत कुणीतरी उत्तर म्हणून तो तक्ता चिकटवला, आणि मी न मागता एकेक लिंक येऊ लागली. त्यातल्या बऱ्याच नोफॉलो होत्या, म्हणजे ‘ही लिंक धरू नका’ असं गूगलला सुचवणाऱ्या, तरी त्यांतून माणसं यायची.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर पहिले दोन-तीन महिने लिंक मोजल्याच नसत्या. पानं इंडेक्स होतायत ना, म्हणजे गूगलच्या यादीत येतायत ना, ते पाहिलं असतं, दुसऱ्याला दाखवावीशी वाटतील अशी चार-पाच पानं केली असती, आणि त्या विषयावर आधीच लिहिणाऱ्यांना एकेकट्याला, साध्या भाषेत मेल टाकला असता. वीस मेल गेले की एक-दोन उत्तरं येतात, माझा तरी तोच अनुभव. गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर पाहुणा म्हणून लेख, लिहायची तर जिथे खरे वाचक आहेत तिथेच.

आणि ते ‘दिवसाला पाच’वालं पॅकेज घ्यायचंच असेल, तर लिंक कुठल्या साइटवर लागणार त्याची यादी आधी मागा. मी तिघांकडे मागितली. तिघांनीही नंतर फोन उचलला नाही.