वाचक विचारतात : झरा बुजवणारा तो म्हातारा

प्रश्न : ताई, पोरानं मोबाइलवर दोन जुने फ्रेंच सिनेमे लावून दिले. शेजारच्या रानातला झरा सिमेंटनं बुजवून एका माणसाला पाण्यावाचून झिजवणारा म्हातारा त्यात आहे. पहिल्या भागात त्याचा असा संताप आला की बघवेना, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याच्यासाठीच रडलो. असं कसं झालं? पोरगा म्हणतो, हा नट मुळात गायक होता. खरं का?
— एक शेतकरी वाचक, ता. कळंब

उत्तर : खरं आहे, भाऊ. तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी दुसरा भाग पुन्हा लावला, आणि पुन्हा रडले.

नटाचं नाव ईव्ह मोंताँ. चित्रपट ‘जाँ द फ्लोरेत’ आणि ‘मानों दे सूर्स’. दोन्ही १९८६ सालचे, दिग्दर्शक क्लोद बेरी, मूळ कथा मार्सेल पान्योल यांची. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्सातली ही गोष्ट, पण मला त्यातलं एकही दृश्य परकं वाटलं नाही. शहरातून आलेला कुबडा जाँ वारशानं मिळालेल्या रानात ससे पाळतो, भोपळ्याचे वेल लावतो आणि लांबून खेचरावर पाणी वाहतो. ढग येतात, गडगडतात आणि पलीकडच्या डोंगरावर रिते होतात. झरा त्याच्याच रानात बुजवलेला आहे. गावाला ते ठाऊक आहे, आणि गाव गप्प आहे. शेवटी विहीर पाडताना सुरुंगाच्या दगडानं जाँ जातो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातुरात वाटलं जाताना ज्यांनी पाहिलं, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता तुमचं रडणं. म्हाताऱ्याला तरुणपणी आवडलेली मुलगी म्हणजे फ्लोरेत, जाँची आई. तो आफ्रिकेत फौजेत असताना तिनं पत्र लिहिलं होतं, ते त्याला मिळालंच नाही. ही गोष्ट एक आंधळी म्हातारी त्याला बाकावर बसून सांगते. तो विचारतो, लेकरू जिवंत जन्मलं का? ती म्हणते, जिवंत, पण कुबडं. आपण मारला तो आपलाच मुलगा, हे त्याला तिथं कळतं. त्या वेळी मोंताँ काय करतो ते पाहा. तो ऐकतो, बस्स. हात छातीवर नेत नाही, ओरडत नाही. फक्त श्वास बदलतो. ओळ कुठं सोडायची आणि पुढची धरण्याआधी किती थांबायचं, हे चाळीस वर्षं रंगमंचावर गायलेल्या माणसाला नेमकं माहीत असतं. ती जागा गायकानं घेतलेली आहे, असं माझं ठाम मत आहे. निव्वळ नटानं तिथं काहीतरी करून दाखवलं असतं.

चित्रीकरण १९८५ साली चाललं होतं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला त्याची बायको, थोर अभिनेत्री सिमोन सिन्योरे, कर्करोगानं गेली. लग्नाला चौतीस वर्षं होत आली होती. तो पुन्हा कामावर आला आणि म्हातारा पुरा केला.

माझंही थोडं सांगते. केज तालुक्यातल्या आमच्या विहिरीत वडलांचा चार आणे हिस्सा होता. भावकीतल्या एका थोरल्या माणसानं आमची पाळी बंद केली. दोन वर्षं आमचा ऊस उभा वाळला. वडील गेले तेव्हा ते गृहस्थ स्मशानात आले आणि बाभळीखाली एकटेच उभे राहिले. पुढं आले नाहीत, परतलेही नाहीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला त्यांचा फक्त राग होता. पुढं हा सिनेमा पाहिला आणि त्या बाकावरच्या म्हाताऱ्यात मला ते बाभळीखाली दिसले. राग अजून आहे, भाऊ. पण त्यांचा चेहरा आता नीट आठवतो.

प्रश्न : मॅडम, मोंताँ इटालियन होता असं वाचलं. मग तो फ्रान्सचा एवढा मोठा गायक कसा झाला?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : बाळा, त्याचं खरं नाव इव्हो लिव्ही. जन्म १३ ऑक्टोबर १९२१, इटलीतल्या तोस्काना प्रांतातल्या मोन्सुम्मानो गावी. वडील केरसुण्या बनवायचे आणि कम्युनिस्ट होते. मुसोलिनीच्या लोकांचा जाच सोसवेना म्हणून त्यांनी देश सोडला आणि घरदार फ्रान्सच्या मार्से बंदरातल्या गरीब वस्तीत आलं. रझाकारांच्या भीतीनं आमचे आजोबा बैलगाडीत बिऱ्हाड घालून बार्शीकडे गेले होते, त्यामुळं हे वाचताना मी थांबतेच. पोरगं अकराव्या वर्षी शाळेतून निघालं. शेवयांच्या कारखान्यात, बहिणीच्या केशकर्तनालयात, मग गोदीत कामाला लागलं. आई जिन्यातून हाक मारायची, “इव्हो, मोंता!” म्हणजे “इव्हो, वर ये!” त्या हाकेतून त्यानं रंगमंचावरचं नाव घेतलं. आडनाव म्हणून आईची हाक लावणारा दुसरा कलावंत मला माहीत नाही.

१९४४ साली पॅरिसमध्ये एदीत पिआफ या नामवंत गायिकेनं त्याला हाताशी धरलं. तोवर तो अमेरिकी काउबॉयची गाणी म्हणायचा. तिनं ती सोडायला लावली. पुढं तपकिरी सदरा, तपकिरी पँट एवढ्यावर तो उभा राहायचा आणि दोन तास सभागृह धरून ठेवायचा. सिनेमात खरा मान १९५३ साली मिळाला, दिग्दर्शक क्लुझोच्या ‘ल सालेर द ला पर’मध्ये, म्हणजे ‘भीतीची मजुरी’. खाचखळग्यांच्या वाटेनं स्फोटक द्रव वाहून नेणाऱ्या ट्रकचालकाचं काम. १९६० साली हॉलिवूडमध्ये मर्लिन मन्रोबरोबरही चित्रपट केला. त्यावर गावभर बोललं गेलं, आपण नको बोलायला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. तो कित्येक वर्षं डाव्यांच्या बाजूनं उभा होता. हंगेरीत रशियन रणगाडे शिरल्यावरही १९५६च्या अखेरीस तो सोव्हिएत दौऱ्यावर गेला आणि त्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतलं. पण १९६८ साली रशियन रणगाड्यांनी चेकोस्लोव्हाकियातलं प्राग चिरडल्यावर तो ठाम उलटा झाला. १९७० साली दिग्दर्शक कोस्ता-गाव्रासच्या ‘लाव्ह’मध्ये (म्हणजे ‘कबुलीजबाब’) त्यानं आपल्याच पक्षानं छळलेल्या कम्युनिस्टाची भूमिका केली. त्यासाठी वजन उतरवून हाडं काढली. जुने सोबती दुरावले, कामगार संघटनेत असलेल्या सख्ख्या भावाशी बेबनाव झाला. घरातल्या ताटावर वाद होतील हे माहीत असून त्यानं ते काम घेतलं. मला तो गायक म्हणून आवडतो, पण यासाठी मी त्याला मानते.

प्रश्न : त्याचं एकच गाणं ऐकायचं असेल तर कोणतं? भाषा कळत नाही.
— एक वाचक, परभणी

उत्तर : ‘ले फय मॉर्त’. म्हणजे झडलेली पानं. शब्द जाक प्रेव्हेरचे, चाल जोझेफ कोस्माची. १९४६ साली ज्या चित्रपटातून ते पुढं आलं तो पडला, गाणं मात्र जगभर गेलं. सुरुवातीची लांब ओळ तो जवळजवळ बोलतो, आणि कीर्तनकार सांगता सांगता अभंगात शिरावा तसा नकळत गाण्यात शिरतो. अर्थाची चिंता करू नका. तो शिरतो ती जागा पकडा.

१९८१ साली साठीत येऊन त्यानं पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात पुन्हा गाण्याचे कार्यक्रम केले, त्यांची ध्वनिमुद्रणं मिळतात. तरुणपणचं ध्वनिमुद्रण आधी ऐका, मग हे. ९ नोव्हेंबर १९९१ रोजी, शेवटच्या चित्रपटाचं काम संपता संपता, तो गेला. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत सिमोनच्या शेजारी त्याला ठेवलं आहे.